जन्म नदीपलीकडचा

कागदाचा मला वीट आला आहे. ज्यानं सारी उमर कागद लिहूनच पोट भरलं त्यानं असं म्हणणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, हे मला कळतं. पण काय करणार? अजूनही कुणी घडी घातलेला अर्ज पुढे केला की मी हात मागे घेतो. शाईचा वास, लाखेचा वास, लाल फडक्यात बांधलेल्या दस्त्यांचा कुबट वास, सगळ्याची शिसारी येते. ती कधीपासून येते तेही मला पक्कं ठाऊक आहे.

मी मूळचा चामोर्शीकडचा. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी बरं होतं, अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्या अक्षराचा ताठा अंगात मावत नव्हता. नोकरी मात्र मिळाली नाही. म्हणून सिरोंच्याच्या भागात एका कचेरीच्या व्हरांड्यात चटई टाकून अर्ज लिहायला बसलो. शाळेत एक दिवस शिकवलं नव्हतं तरी लोक मला मास्तर म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो. नदीच्या पलीकडच्या काठावरचं निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. लोकांच्या तोंडी तो काठ अजून 'मोगलाई'च होता.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक माणूस पायरीशी येऊन उभा राहिला. पायात जाड बूट. आमच्याकडे बूट म्हणजे साहेब नाहीतर पोलीस. शेजारचा स्टँप विकणारा तर बसल्या जागेवरून उठलाच. माणूस मात्र आमच्याच काठच्या एका खेड्यातला होता, तेलुगू बोलणारा, भात पिकवणाऱ्या घरातला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर एका नातेवाइकाचा हात धरून मद्रासहून बोटीनं मलायाला गेला होता.

तिकडे रबराचे मळे, मळ्यांच्या भोवती जंगल आणि जंगलात बंदुका घेतलेले बंडखोर. मळ्यांचे गोरे मालक जीव मुठीत धरून राहायचे. एक ठेकेदार त्यांना खासगी पहारेकरी पुरवायचा, आणि हा त्या ठेकेदाराचा माणूस होता. तारेच्या कुंपणाआड बंदूक घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. जंगलात वाढलेला माणूस पानाच्या आवाजावरून जनावर ओळखतो, म्हणून ठेकेदाराला असलेच लोक हवे असत.

मायची तब्येत बिघडल्याची चिठ्ठी मिळाली म्हणून तो रजेवर आला होता. आला त्याच्या आठव्या दिवशी माय गेली. तेरवी आटोपून तो माझ्याकडे आला होता.

"मास्तर, एकच काम हाय," तो म्हणाला. "ह्या पुस्तकाची मुदत संपून राह्यली. नवीन पायजे."

पुस्तक म्हणजे पासपोर्ट. त्यात आणखी एक कागद होता, मलायात परत शिरण्याचा परवाना. तो ठेकेदाराच्या नावावर काढलेला होता आणि त्याचे आणखी नऊ महिने उरले होते. म्हणजे पोळ्याच्या आत तिकडच्या बंदरात उतरायलाच हवं. नाही उतरला तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मळ्यावरची खोलीही गेली, कारण खोली पहारेकऱ्याची असते. त्या खोलीत त्याची बायको होती आणि तीन वर्षांची मुलगी. बायको तिकडेच जन्मलेली, तिचे मायबाप तिकडच्याच मळ्यावर मेलेले. तिला दुसरं कुणी नव्हतं.

"पोळ्याले लई वेळ हाय," मी म्हणालो. "तू काऊन घाबरून राह्यला?"

अर्ज इंग्रजीत होता. मी नवी निब लावली आणि एकेक रकाना विचारून भरू लागलो. जन्मठिकाणापाशी आलो तसा तो म्हणाला, "जुन्यात हाय तेच लिवा ना जी."

जुन्या पासपोर्टात आमच्या काठचं गाव होतं, त्याच्या बापाचं. मद्रासला कुण्या दलालानं घाईघाईत भरून टाकलं असणार. मी उगाच विचारलं, "खरंच तिथीच झाला का रे तू?"

तो हसला. "पयलं पोट्टं बापाच्या घरी होते का मास्तर? मी मायच्या माहेरी झालो. पल्याड."

बरोबरच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्ही काठांवर पाळतात. आमच्या लोकांना ते दोन काठ म्हणजे एका घराची दोन दारं होती. सकाळी डोंग्यात बसून पलीकडे जायचं, सोयरीक करून संध्याकाळी परत यायचं. पण तो जन्मला तेव्हा अलीकडे इंग्रज होता आणि पलीकडे निजाम, हे बाळाला सांगणार कोण?

इथं मी गप्प बसायला हवं होतं. जुन्यातलं गाव उतरवून काढलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण माझ्या अंगात शहाणपण आलं. मी त्याला सुनावलं, "सरकारी कागदावर खोटं लिहून तुले जेलात जाचं आहे का?"

"पण इतकी वर्सं चाललं ना जी तेच?"

"चाललं असन. माह्या हातून खोटं निंगत नाई."

आणि मी लिहिलं. पलीकडच्या गावाचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं, शिवाय बाजूला दोन ओळींचा खुलासा जोडला की जुन्या पासपोर्टातलं जन्मठिकाण चुकीचं असून अर्जदार ते या अर्जानं दुरुस्त करीत आहे. त्या दोन ओळी लिहिताना मला किती बरं वाटलं, काय सांगू! त्यालाही माझं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पळसाच्या पानात बांधून सुकी मासळी आणून दिली आणि मी ती मिटक्या मारत खाल्ली.

शिवरात्रीच्या सुमारास वरच्या कचेरीचं उत्तर आलं. पासपोर्ट नव्हता, हरकत होती. एकाच माणसाची दोन जन्मठिकाणं कशी? नव्या अर्जातला माणूस आणि जुन्या पासपोर्टातला माणूस एकच कशावरून? आणि नवं ठिकाण खरं धरलं तर जन्मानं तो परक्या संस्थानाची रयत ठरतो. त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा काय? पोलिसांकरवी चौकशी व्हावी.

निजाम गेला होता, संस्थान गेलं होतं, साऱ्या देशाला एक घटना लागू झाली होती. पण कचेरीतला छापील नमुना जुनाच होता आणि नमुन्यात तो प्रश्न होता. नमुन्यात प्रश्न आहे म्हणजे माणसानं उत्तर दिलंच पाहिजे.

चौकशीला जमादार आला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तो आधी आमच्या काठच्या गावी गेला आणि पाटलाला विचारलं, "हा इथला जन्मलेला आहे का?"

पाटील खरं बोलला. "नाई जी. इथी नाई झाला."

जमादार डोंग्यात बसून पलीकडे गेला. तिथल्या चावडीवर विचारलं, हा तुमच्या गावचा का? तिथले लोकही खरंच बोलले. पोर बापाच्या गावचं असतं. लेकीच्या पोटचं पोर कितीही लाडकं असलं तरी ते 'आमच्या गावचं' असं तिथं मेलं तरी कुणी म्हणत नाही. म्हटलं तर जमिनीत वाटा मागायला येईल ही भीती वेगळीच. त्यांनी सांगितलं, "आमचा नाही, त्या काठचा आहे."

जमादारानं ऐकलं तसं उतरवलं. अर्जदार अमुक गावी जन्मलेला नाही असं तेथील पाटील म्हणतो, आणि तमुक गावचा नाही असं तेथील पंच म्हणतात. खाली सही, शिक्का. कुणी खोटं बोललं नव्हतं आणि माणूस मात्र कुठलाच उरला नव्हता.

"मास्तर, मंग मी झालो कुठी?" त्यानं मला विचारलं. हसतच विचारलं.

त्याच्या जन्माच्या वेळची सुईण अजून जिवंत असल्याचं त्याच्याच ध्यानात आलं. माय असती तर तिनं सांगितलं असतं, ती नव्हती. उन्हाळा लागला होता, नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या पिकल्या होत्या. आम्ही दोघं अर्धं पात्र पायी तुडवून पलीकडे गेलो. म्हातारी पडवीत मोहाची फुलं निवडत बसली होती. याचा चेहरा हातांनी चाचपून ती तेलुगूत म्हणाली, "तुझे पाय आधी आले होते. दोन दिवस तुझी माय ओरडत होती. मी कशी विसरेन?" मी तिथंच मांडीवर पाट घेऊन तिची जबानी लिहिली. तिनं अंगठा दिला आणि मग हात धुवायला पाणी मागितलं, बाळंतपण आटोपल्यावर मागावं तसं.

कचेरीतल्या बाबूनं तो कागद दोन बोटांत धरला. पान खात होता. "हे नाई चालत भाऊ. बाई दुसऱ्या राज्यातली हाय. तिचा अंगठा तिथल्या तहसीलदारासमोर पायजे."

पलीकडचा तहसीलदार म्हणाला, अंगठ्याचं काय घेऊन बसलात, जन्ममृत्यूची वही आणा. वहीच्या कपाटात वाळवीनं घर केलं होतं. तिथल्या कारकुनानं वहीचा पुठ्ठा उघडला तर आतून माती पडली. मग वही नष्ट झाल्याचा दाखला द्या, असं आम्ही म्हटलं. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी मंजुरी. तोवर मृग निघाला, आलापल्लीकडून येणारी मोटार बंद झाली आणि टपाल कधी बैलगाडीनं, कधी माणसाच्या डोक्यावरून यायला लागलं.

मी घायकुतीला आलो. एका दुपारी मी स्वतःच नवा अर्ज लिहिला, की आधीचा खुलासा लेखनिकाच्या चुकीनं झाला असून जुन्या पासपोर्टातलं ठिकाणच खरं आहे. म्हणजे ज्या हातून खोटं निघत नव्हतं त्याच हातानं धडधडीत खोटं लिहिलं. बाबूनं वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मास्तर, मंग पयला अर्ज खोटा होता म्हणता? खोटा अर्ज दिल्यावर का होते, ठाऊक आहे ना तुमाले?"

मी कागद परत घेतला. व्हरांड्यात येऊन त्याचे तुकडे केले. अंगठ्यानं सांगितलेलं खरं चालत नव्हतं आणि अक्षरानं लिहिलेलं खोटंही चालत नव्हतं. मला त्या बाबूची, त्याच्या पानाची, माझ्या दौतीची, सगळ्याची एकदम किळस आली. घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

मधल्या काळात ठेकेदाराला दोन पत्रं गेली होती. त्याचं उत्तर आलं: परवान्याची मुदत वाढवायला तो तयार आहे, पण त्यासाठी नव्या पासपोर्टाचा नंबर पाठवा. ते उत्तर आम्ही वरच्या कचेरीला जोडून पाठवलं, की साहेब, निकड आहे. तिकडून उलट टपालानं आलं: निकड असल्यास परवान्याची मुदत वाढवल्याचा पुरावा जोडावा. हा त्याच्याकडे बोट दाखवी, तो ह्याच्याकडे. मी ती दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून त्याला समजावून सांगत होतो. तो ऐकत होता. बूट त्यानं केव्हाच काढून ठेवले होते, पायांत चिखल होता. भावाच्या भाताच्या बांधीत रोवणीला जात होता.

"म्हंजे आता जमत नाई म्हणा," तो एवढंच म्हणाला.

पोळा झाला. ढोलकी वाजली, बैलांची शिंगं रंगली, परवाना मेला.

पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोचं पत्र आलं. मळ्यावरच्या कारकुनानं तेलुगूत लिहून दिलेलं. मी त्या भागात राहून ते अक्षर अडखळत वाचायला शिकलो होतो. खोली रिकामी करा म्हणून सांगितलं आहे, मोठ्या मिन्नतवारीनं दोन महिने मिळाले आहेत. पोर रोज कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. तिला वाटतं बाप पहाऱ्यावर आहे, पाळी संपली की येईल.

त्यानं मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

तिला इकडे आणावं म्हटलं तर तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. नवऱ्याच्या नागरिकत्वाचा दाखला जोडला तर मिळण्यासारखा होता. नवऱ्याचं नागरिकत्व चौकशीत होतं.

आणि दसरा उलटून गेल्यावर वरच्या कचेरीतून जाड लिफाफा आला. आत नवाकोरा पासपोर्ट, सोबत चार ओळींचं पत्र. अर्जदाराचा जन्म नदीच्या कोणत्याही काठी झालेला असला तरी सद्य कायद्यानुसार तो भारताचाच नागरिक ठरतो. सबब जन्मठिकाणाबाबतची हरकत अनावश्यक असल्यानं काढून टाकण्यात येत आहे.

अनावश्यक! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण वरातीमागच्या घोड्यावर निदान कुणी बसलेलं तरी असतं. पासपोर्टात जन्मठिकाण म्हणून पलीकडचं गाव बरोबर लिहिलेलं होतं. माझी दुरुस्ती मान्य झाली होती. मी तो शब्द पाहिला आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन खरोखरच ओकलो. स्टँपवाला म्हणाला, पित्त झालं असेल.

ठेकेदाराला तार केली. तिकडे एव्हाना नियम बदलले होते. बाहेरून पहारेकरी आणायचे नाहीत, आहेत त्यांच्यावरच भागवायचं. मेलेल्या परवान्यावरून नवा परवाना देता येत नाही, असं त्यानं कळवलं. मुलीला गोळ्या-बिस्किटं देत असतो, असंही लिहिलं होतं. तोही माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर आमचा पहारेकरी आठ-दहा दिवस आला नाही. आला तेव्हा बरोबर त्याचा भाऊ आणि जातीतले दोन म्हातारे होते. चौघं चटईवर बसले. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, सोडचिठ्ठी लिवाची हाय."

मला आधी कळेना कुणाची. मग तोच बोलला, माझ्याकडे न बघता. मळ्यावर त्याच्याबरोबर पहारा करणारा एक माणूस होता, पलीकडच्या काठचाच, बायको मेलेला. त्यानं निरोप धाडला होता. ती त्याच्या नावावर आली तर खोली राहते, पोर राहते. जातीत पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, चालतो, पण पहिल्या नवऱ्यानं सोडल्याचा कागद लागतो.

"तुले पटते का हे?" मी विचारलं.

"मले पटून का होते जी? दोन महिने संपून राह्यले. ते पोट्टी कुठी जाईल?" मग म्हणाला, "माणूस बरा हाय. दारू पीत नाई. माह्या पाळीत मले झोपू द्याचा."

मी लिहिलं. साधा कोरा कागद, वर तिकीट नाही, शिक्का नाही. मी अमुक, माझ्या राजीखुशीनं, तुला मोकळं करतो. राजीखुशीनं हा शब्द लिहिताना टाक अडकला. तो नमुन्यात असतोच म्हणून लिहिला. त्यानं अंगठा दिला, भावानं दिला, दोन म्हाताऱ्यांनी दिला. कुणी विचारलं नाही की हा माणूस तोच कशावरून. कुठं जन्मला, कुणाची रयत, कशाचीही चौकशी झाली नाही. डोंग्यानं पलीकडे, तिथून मोटारीनं, आगगाडीनं, बोटीनं तो कागद सुरळीत गेला आणि पोचला. मला वाटत होतं, कुणीतरी हरकत घेईल. एवढ्या कचेऱ्या, एवढे बाबू, एकालाही त्यात खोट दिसू नये? चोरून मी देवाला नवससुद्धा बोललो.

संक्रांतीच्या आधी मळ्यावरच्या कारकुनाचं पत्र आलं. तो ते घेऊन शेतातून तसाच आला होता. मी वाचून दाखवलं. बाईचा पाट लागला, खोली कायम झाली. मळ्याच्या रजिस्टरात तशी नोंद घेतली आहे, आणि मुलीचं नावही नव्या कुटुंबात घातलं आहे. खाली त्या कारकुनानं, बिचाऱ्यानं माझ्यासारख्याच नेमकेपणानं, नोंद जशीच्या तशी उतरवून पाठवली होती. मुलीचं नाव, वय, आणि बापाच्या रकान्यात त्या दुसऱ्या माणसाचं नाव.

तिथं मी थांबलो. त्यानं विचारलं, "बापाचं नाव कोनाचं टाकलं?"

मी सांगितलं.

त्यानं मान हलवली. पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं, त्याला वाचता येत नव्हतं तरी पाहिलं. "बरोबर लिवलं ना जी त्यायनं? पुढं तिले काई हरकत नाई ना येत?"

"बरोबर लिवलं," मी म्हणालो. "काई हरकत नाई येत."